आवतणाचा धवला

कोलशेतहून नौपाड्यात जायचं म्हणजे रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या आल्या, आणि सोबत अर्धं अंग लुळं पडलेली सासू असली तर विचारायलाच नको. शालूने त्या मिनतवाऱ्या वर्षभर केल्या. दर आठवड्याला हौसाबाईंना न्हाऊ घालायचं, स्वच्छ पातळ नेसवायचं, रिक्षात आधी स्वतः शिरून त्यांना आत ओढून घ्यायचं, आणि नौपाडा येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोलणार तरी कुणाशी? सासूची वाचा गेलेली, आणि शालूकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हौसाबाई कोलशेत गावच्या धवलारीण. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, पण धवले गाणारी बाई आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. हौसाबाईंनी अर्ध्या गावाची लग्नं गाऊन लावली होती. मिठागरं गेली, शेतं गेली, शेतांवर चाळीस मजली टॉवर आले, पण त्या टॉवरच्या पार्किंगमध्ये मांडव पडला की बोलावणं त्यांनाच येई. अशा बाईच्या तोंडातून आता नुसता ‘अं अं’ आवाज येत होता. देवाला थट्टा करायला माणसं बरी सापडतात.

झटका आला त्याच दिवशी विकी गेला होता. विकी म्हणजे शालूचा मोठा मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला. सकाळी शालू बाजारात गेली आणि धाकटी पायल कॉलेजात. तेवढ्यात विकी ओट्यावर आजीजवळ बराच वेळ बोलत बसला होता, असं शेजाऱ्यांनी पाहिलं. मग उठून खाडीच्या बाजूला चालत गेला, फोन घरात ठेवून. तो परत आलाच नाही. शालू बाजारातून आली तेव्हा हौसाबाई ओट्यावर कलंडलेल्या होत्या आणि तोंड वाकडं झालेलं होतं. पोरगा काय बोलून गेला, कुठे जातो म्हणाला, ते सगळं त्या वाकड्या तोंडात अडकून पडलं.

पोलीस झाले, खाडी पालथी घालून झाली, देवऋषीही झाले. शेवटी शालूचा नवरा राघो म्हणाला की आता पोराचं कार्य उरकून टाकू, त्याला तरी सुटू दे. शालूने सांगितलं की हरवलेल्या माणसाचं बारावं घालत नाहीत. त्यानंतर नवराबायकोत भाजीला मीठ कमी की जास्त एवढंच बोलणं राहिलं. खरं तर शालूला मिठाची चवही कळत नव्हती. दात काढताना डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. एकच गोष्ट तिला हवी होती. सासूने तोंड उघडावं आणि विकी काय म्हणाला ते सांगावं.

नौपाड्यात पहिल्या मजल्यावर विनिता मॅडमचा दवाखाना होता. वाचा गेलेल्या माणसांना त्या बोलायला शिकवत. मॅडम तरुण होत्या आणि समजावून सांगायच्या हौशी. त्या म्हणाल्या की बोलणं आपल्या डोक्यात डावीकडे राहतं, आणि आजींच्या झटक्यात नेमकी तीच खोली पडली. पण गाण्याची बिऱ्हाडं दोन्हीकडे असतात, आणि त्यांचा उजवा मेंदू शाबूत आहे. ज्यांना पाणी मागता येत नाही अशी माणसंसुद्धा जुनं गाणं अख्खं म्हणतात. गाण्याच्या दारातून शब्द बाहेर काढायचे, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा, की बोलणं उरतं.

आरत्या झाल्या, अंगाईगीतं झाली. हौसाबाई ढिम्म. मग एके दिवशी शालूने आवतणाचा धवला गुणगुणला.

इथेच चूक झाली, आणि ती शालूला कळत होती. हळदीच्या आधी घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं, तो हा धवला. तो मांडवातच गायचा. हौसाबाई एरवी घरात कधी त्याची चालसुद्धा गुणगुणल्या नव्हत्या. त्या एकेक नाव घेत, आणि मागे बसलेल्या बाया त्या मेलेल्या माणसाच्या वतीने जबाब देत, ‘आयला गो आयला,’ म्हणजे आला गं आला; बाईचं नाव असलं तर ‘आयली गो आयली.’ मांडव नाही, हळद नाही, आणि आवतण द्यायचं, हे वेडेपणाचंच होतं. पण शालूला पुरता पाठ तेवढाच एक धवला होता.

आणि हौसाबाई गायल्या. वाकड्या तोंडातून स्वच्छ शब्द आले. विनिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. शालूचे कोरडेच राहिले.

मॅडमनी मग रीत शिकवली. आजींचा डावा हात हातात घ्यायचा, तळव्यावर ठेका धरायचा, ओळ आपण म्हणायची आणि शेवटचा शब्द मोकळा सोडायचा. तो त्या भरतील. रोज दुपारी जेवणं झाली की शालू ओट्याचं दार लावून घेई आणि सासूजवळ बसे.

“हलदीचं आवतन जातंय गो...”

“धोंडीबाला,” हौसाबाई गात. धोंडीबा म्हणजे त्यांचा नवरा. मग भीमाबाईला, म्हणजे त्यांच्या सासूला. मग दौलतला, पाळण्यातच गेलेल्या त्यांच्या मुलाला. जबाब द्यायला मागे बाया नव्हत्या, म्हणून प्रत्येक नावानंतर तेवढी जागा रिकामी जाई. त्या जागेत पंख्याचा आवाज ऐकू येई.

दौलतनंतर धवला संपायचा. पण एका दुपारी हौसाबाईंच्या तळव्याने शालूच्या बोटांवर पुढचा ठेका दिला. शालूने ओळ म्हटली आणि शब्द सोडला.

“विकीला,” हौसाबाई गायल्या.

शालूने ते दवाखान्यात सांगितलं. मॅडमनी समजूत घातली. नवीन काही आजींच्या गाण्यात शिरूच शकत नाही, त्या म्हणाल्या. झटक्याआधी जे मुरलं होतं तेच बाहेर येतंय. नातवाचं नाव त्या आधीपासूनच घेत असणार, लाडाने.

शालूने मान हलवली. लाडाने कुणी जिवंत माणसाला या धवल्यात घेत नाही, घेतलं तर तो मेलेल्यांत जमा होतो, हे नौपाड्यातल्या बाईला काय सांगायचं? आणि झटक्याआधी म्हणजे तर विकी घरात होता, वरणभात खात होता. तेव्हापासून त्याचं नाव सासूच्या डोक्यात मेलेल्यांच्या मागे लागून उभं होतं? तिने छाती फुटायची वाट पाहिली. काहीच फुटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

त्यानंतर विकीचं नाव आलं की ती गाणं तोडायची. हौसाबाई चिडायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मॅडम म्हणाल्या, तोडू नका, पुरं होऊ द्या. म्हणून एकदा शालूने गाणं तोडलं नाही. तेव्हा पुढची ओळ हौसाबाईंनी स्वतःच घेतली. “हलदीचं आवतन जातंय गो...” आणि तिथे थांबल्या. शालूचा डावा हात त्यांनी आपल्या धड हातात घेतला, अंगठ्याने तळव्यावर ठेका धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शब्द आता शालूने भरायचा होता.

ती हात सोडवून उठली. पण ओळ काही सुटली नाही. तांदूळ धुताना, दूध तापवताना, रिक्षात, ती अर्धी ओळ डोक्यात फिरत राहिली. त्या मोकळ्या जागेपाशी आली की अडे, पुन्हा फिरे. शालूने हे सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या. अर्धवट चाल मेंदूला सोसत नाही म्हणे, कुठला तरी शेवट करून टाका, जाईल आपोआप. शालूच्या मनात कुठला शेवट येत होता ते तिने सांगितलं नाही. घरात आता एकच पोर उरलं होतं. जागा आली की जिभेवर त्या पोरीचंच नाव येई, आणि शालू दात आवळून धरी.

त्या दुपारी पायलला कॉलेज नव्हतं. ऊन रणरणत होतं. ती मोरीत भांडी घासत होती आणि घासता घासता गुणगुणत होती. तांदूळ निवडता निवडता शालूने कान दिला आणि तिचे हात थांबले. तीच ओळ. पोरीला अर्थ ठाऊक नव्हता, तिच्या डोक्यात ती नुसती चाल शिरली होती.

“हलदीचं आवतन जातंय गो...”

खाटेवर हौसाबाईंनी मान वळवली आणि मोरीकडे बघायला लागल्या. ठेका धरायला त्यांचा डावा हात वर झाला होता.

पायलने श्वास घेतला. त्या जागेत ती काय घालणार होती देव जाणे. चालीत घालायला काहीच सापडलं नाही की माणूस स्वतःचं नाव घालतो. शालूने तेवढा वेळ दिला नाही.

“शालूला,” तिने गाऊन टाकलं.

डोकं एकदम रिकामं झालं. फिरणारी ओळ थांबली. मोरीतला नळसुद्धा पायलने बंद केला असावा, कारण घरात कुठलाच आवाज नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा शालूला हलकं वाटलं. आपल्या पोरीवरचं टळलं, एवढंच तिच्या मनात आलं.

मग बंद दाराबाहेर, ओट्यावरून, जबाब आला.

“आयली गो आयली...”

आवाज पुरुषाचा होता आणि सूर पार उतरलेला. विकीला जन्मात कधी सूर सापडला नाही. हळदीच्या रात्री पोरी त्याला हात जोडून गप्प बसवायच्या. लाख आवाजांतून आईने तो बेसूर आवाज ओळखला असता. शालूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती उठली, दारापाशी गेली.

“मम्मी, नको उघडू.”

पायल मोरीच्या दारात उभी होती. हात राखेचे, तोंड पांढरंफटक.

“अगं, विकी आहे...”

“माहितेय,” पायल हळूच म्हणाली. “तू आजीला नौपाड्याला घेऊन गेलीस ना, की रोज... म्हणजे दर वेळी येतो. दाराला तोंड लावून गातो. तुझं नाव घालून गातो. मी मोठ्याने गाणी लावून बसते, मम्मी. मी कधीच नाही उघडलं.”

शालूने सगळं ऐकलं, शब्द न् शब्द. खाटेवर हौसाबाई, वर्षात पहिल्यांदा सुराशिवाय, साध्या बोलण्यात म्हणाल्या, “जा गो. कवरा वेल थांबवशील त्याला?”

आवतण घेतलेल्या माणसाने उंबऱ्यात खोळंबायचं नसतं. शालूने कडी काढली.