जिन्याखालचा हुंकार

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मी स्वतःही विसंबत नाही. त्या दुपारची टेप माझ्या कपाटात आहे आणि तिच्यावर हुंकारही आहेत, पण ते माझेच नव्हेत असं मला शपथेवर सांगता यायचं नाही. माणूस फार थकला की त्याला स्वतःचा आवाजही परका वाटतो, आणि त्या वर्षी मी फार थकलो होतो.

सावत्र आयांच्या गोष्टी जमवण्याचं काम मी हाती घेतलं होतं. उपाशी ठेवलेल्या मुली, रानात सोडून दिलेली भावंडं, विहिरीत ढकललेल्या लेकी. तोवर एकशे चाळीस गोष्टी गोळा झाल्या होत्या. त्यांना क्रमांक दिले होते, त्यांच्या शेवटांचे सहा प्रकार पाडले होते. मुलांचे हाल असे तक्त्यात बसवले की वाचताना त्रास होत नाही. एका परिचितानं कळवलं, अमुक घरी एक बाई आहे, तिच्या गोष्टीला शेवटच नाही. सातवा प्रकार मिळेल या आशेनं मी गेलो.

गल्लीच्या टोकाला दुमजली घर होतं. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावलेला, साधारण माझ्याच वयाचा माणूस चिमट्यानं एक बारीक चाक उचलत होता. शेजारी रेडिओ नको इतक्या मोठ्यानं चालला होता.

"सावत्र आईची गोष्ट ना?" मान वर न करता तो म्हणाला. "योग्य दुकानात आलात, सर. माल ताजा असतो. रोज तीनला निघतो."

"तुम्हीही ऐकता?"

"मला पाठ आहे. रेडिओ उगाच नाही आणला." मग जरा थांबून म्हणाला, "एक करा, मधूनमधून हं म्हणत राहा. त्याशिवाय आई पुढे सरकत नाही."

मागची खोली दिवसाही अंधारी होती. दमट लाकडाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास. जिन्याच्या पोटात एक बुटकं दार होतं, त्याची कडी बाहेरून लोंबत होती. त्या दाराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून, सत्तरीची एक बाई स्टुलावर बसली होती.

"बसा, मास्तर," ती म्हणाली. "चहा हवा तर तो देईल. मला उठवत नाही."

तिनं सुरुवात केली. आई मेलेली मुलगी. बापाची दुसरी बायको. दुसरीचा धाकटा मुलगा, त्याला सायीचं दूध, हिला खरवड. सगळं ओळखीचं होतं. मी टेपचा काटा पाहत होतो, सेल उतरतील का या काळजीत होतो, आणि हं म्हणायचं विसरून गेलो होतो. पाचसहा वाक्यांनंतर लक्षात आलं, बाई अडलेली नाही. हुंकार मिळतो आहे.

बारीक, नाकातला, सोशिक. झोपेला आलेलं मूल म्हणतं तसा. बुटक्या दाराच्या आतून येत होता, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून.

मांजर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मांजर वाक्य संपायची वाट पाहत नाही.

"…मग भिंत दुभंगली," बाई म्हणाली, "मेलेली आई आली, आणि लेकीला पोटाशी धरून घेऊन गेली."

आतून काही आलं नाही. आम्ही थांबलो. बाईचे खांदे हळूहळू खाली आले.

"बघा. इथं म्हणत नाही. तेहेतीस वर्षं झाली."

"कोण, आजी?"

"ऐकलंत ना तुम्ही? मग विचारता कशाला?" ती प्रथमच माझ्याकडे वळली. इतका दमलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. "एवढ्या गोष्टी जमवल्यात. एखादा शेवट द्या की मला. तिनं एकदा हं म्हटलं की मी सुटले. झोप हवी मला, मास्तर… दुसरं काही नको."

सांगायला लाज वाटते, पण मी शेवट दिले. क्रमानं दिले. राजपुत्र येतो. बापाला सगळं कळतं. मुलगी पक्षी होते. प्रत्येक शेवट ती शाळेतल्या पोरीसारखी माझ्यामागून दाराला सांगत होती. सावत्र आईला गावाबाहेर हाकलून देतात, हाही शेवट तिनं न अडखळता सांगितला. आत सगळं गप्प.

पुढचा रेडिओ बंद झाला. घड्याळवाला दारात येऊन उभा राहिला होता, भिंग डोळ्यावर तसंच.

"आई, एकदा खरं सांग ना."

"तू दुकान बघ."

"दुकानात आहे कोण?" तो माझ्याकडे वळला. "मी पाच वर्षांचा होतो, सर. आई ताईला इथं कोंडायची. मी दाराबाहेर बसून तिला गोष्टी सांगायचो, मनाला येतील त्या. ती हं म्हणायची. हं आलं की कळायचं, ताई आहे."

बाईनं पुन्हा दाराकडे तोंड केलं.

"आम्ही लग्नाला गेलो. दोन रात्री. ह्यांना म्हटलं, पोर शेजारी ठेवलीय. घाई होती… कडी काढायची विसरले."

आत शांतता.

"विसरले," ती पुन्हा म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "नाही. विसरले नव्हते."

"हं."

घड्याळवाल्यानं चौकट धरली. बाईनं दोन्ही तळवे तोंडावर घेतले, ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही. "म्हणाली… ऐकलंस? म्हणाली रे. संपली हं गोष्ट, बाळ. झोप आता."

"हं," आतून आलं. त्याच सुरात. पुढे सांग, या सुरात.

बाईचे हात खाली आले. "अजून…?"

"हं."

मी उठून ते दार उघडलं. धैर्यानं नव्हे; पुरावा तपासायची सवय. आत रिकामे डबे होते, गुंडाळलेली सतरंजी होती, आणि हातभर खोलीवर भिंत. मी वाकून डोकं आत घातलं. धूळ. कोणी नव्हतं. आणि मग माझ्या डाव्या कानाशी, केस हलतील इतक्या जवळून, ऊबदार श्वासासकट…

दार लावताना माझा हात आपोआप कडीकडे गेला.

"नका," घड्याळवाला म्हणाला. "कडी नका लावू, सर."

निघताना पायरीवर त्यानं उरलेलं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बापानं दार उघडलं तेव्हा ताई बसलेली होती. उठली, पाणी प्यायली, पुढच्या दारानं चालत गेली. नऊ वर्षांची पोर. नदीकाठी तिची एक चप्पल सापडली. सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

माझ्या पुस्तकात ही गोष्ट 'मृत आई घेऊन जाते' या प्रकारात छापली आहे. हुंकार आम्ही छापत नाही, ती पद्धत नाही. दोन वर्षांनी घड्याळवाल्याचं कार्ड आलं: आई गेली. शेवटपर्यंत सांगत होती. आता तीन वाजता मी बसतो.

पहिल्या आठवड्यात जे करायला हवं होतं ते मी अकरा वर्षांनी केलं. नदीपलीकडच्या अनाथालयात गेलो. तिथल्या जुन्या वहीत, ताई गेली त्याच महिन्यातली नोंद होती: मुलगी, अंदाजे नऊ, पुलावरून चालत आली, एका पायात चप्पल, बोलत नाही. पुढे ती बोलायला लागली, शिकली, नर्स झाली. त्याच शहरातल्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात ती मला भेटली. त्रेपन्न वर्षांची, शांत, पाय दुखत असलेली बाई.

"अनाथालयाच्या आधीचं मला काही आठवत नाही," ती म्हणाली. "आठवावं असं वाटतही नाही. तुमचं काही काम होतं का?"

तिला भाऊ आहे हे मी तिला सांगितलं नाही. भावालाही कळवलं नाही. रोज तीन वाजता आपण कोणाला गोष्ट सांगतो, हा प्रश्न मला त्याच्यावर टाकवेना. हे कारण पुरेसं नाही, मला माहीत आहे.

एवढंच केलं की कारकुनाला विनंती करून अकरा वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक काढून घेतलं. मी त्या घरी होतो त्या तारखेला तिची सही आहे. आली सकाळी आठ, गेली संध्याकाळी सहा. तारीख मी दोनदा पडताळून पाहिली.