पठाणपुऱ्याचा खराब फोटो

सायकलची चेन पडायला जगात दुसरी जागा नव्हती का? पण नाही! ती पडली ती बरोबर पठाणपुरा गेटच्या कमानीखाली, आणि तीही संघपालनं कॅमेऱ्याला डोळा लावून श्वास रोखला होता त्याच क्षणी.

डिसेंबरातली सकाळ होती. नदीकडून आलेलं धुकं चंद्रपूरच्या परकोटाला, त्या जुन्या तटबंदीला, चिकटून बसलं होतं. संघपाल उजाडल्यापासून गेट रिकामं व्हायची वाट पाहत उभा होता. दूधवाले गेले, पेपरवाले गेले, एक म्हातारी आपल्या चार शेळ्यांना शिव्या घालत गेली. शेवटी कमान मोकळी झाली, तिरपं ऊन आत उतरलं... आणि बोट दाबलं जातंय तोवर एक सायकल मधोमध येऊन थांबली. तिच्यावरची मुलगी खाली उतरली, आणि खट्ट्! फोटो निघाला.

"ओ ताई... बाजूले व्हा ना जरा!"

प्रेमकथेच्या पहिल्याच वाक्यात नायिकेला ताई म्हणणारा नायक विरळाच. पण संघपाल तसाच होता, त्याला आपण तरी काय करणार?

"काऊन? गेट का तुमच्या बापानं बांधला?" ती म्हणाली.

"नाई जी, गोंड राजानं बांधला. पण फोटो माझा हाये ना."

"मंग सांगा तुमच्या राजाले, पोरीच्या सायकलची चेन बसवून दे म्हणाव."

राजा काही आला नाही, त्यामुळे चेन संघपालनंच बसवली. बोटं काळी झाली, पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं. ती ओढणीचं टोक दातात धरून गंमत पाहत होती.

"मी आली का फोटोत?"

"आल्या ना. म्हणूनच तं वाया गेला."

"वाया?" तिनं भुवया उंचावल्या. "वाया गेला असन तं मले देऊन टाकजा. तुमच्या काय कामाचा?"

"खराब फोटो मी कोणाले देत नाई," संघपाल ताठ्यात म्हणाला. ती हसली, टांग मारली आणि धुक्यात निघून गेली.

संघपाल खोब्रागडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, पण अजून कंत्राटावर. आठवडाभर बॉयलरच्या आवाजात काम, आणि रविवारी राजदूत फटफटीवर टांग टाकून जुना कॅमेरा गळ्यात अडकवून भटकंती. किल्ले, तळी, देवळं, पळसाची रानं – सगळ्यांचे फोटो काढायचा. माणसांचे मात्र काढायचा नाही. सुरुवातीला काढले होते. पण काकू म्हणाली, मी काळी आली. काका म्हणाले, माझं पोट एवढं नाई. आत्तेभावानं तर बोलणंच सोडलं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. दगड रागावत नाहीत, आणि उजेड येईपर्यंत थांबतातही.

पुढच्या रविवारी तो परत गेटपाशी उभा होता. या खेपेला कमान चांगली अर्धा तास रिकामी होती, ऊनही झकास पडलं होतं. पण यानं फोटो काही काढला नाही. मग ती सायकल आली.

"आज चेन पडली नाई," ती म्हणाली.

"हो ना..." तो म्हणाला, आणि उगाच कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागला.

"मंग कायची वाट पाहून राह्यले?"

तिचं नाव नूतन रामटेके. पठाणपुऱ्यातच घर, बी.एड.चं वर्ष, आणि विहाराशेजारच्या अभ्यासिकेत जायचा हाच रस्ता. वडील नव्हते. आई अंजनाबाई शाळेत शिक्षिका. त्यांनी संघपालला घरी बोलावून चहा पाजला, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली आणि मनात म्हणाल्या, हा पोरगा काही बोलेल असं वाटत नाही, म्हणजे धोका नाही. बाई शिक्षिका होत्या, माणसाची परीक्षा बरोबर करायच्या.

त्या हिवाळ्यात नूतननं पुष्कळ ठिकाणं पाहिली. रामाळा तलाव पाहिला, मैत्रिणीला सोबत घेऊन इरई धरण पाहिलं. कॅमेऱ्यावर थेट ऊन पडू नये म्हणून ती शेजारी छत्री धरून उभी राहायची. तिच्या बांगड्या कानाशी किणकिणायच्या, केसांतल्या खोबरेल तेलाचा वास यायचा, आणि संघपालचं बोट बटणावर नुसतंच राहायचं. मग तो म्हणायचा, "थांबा, उजेड बरोबर नाई." उजेडाचं नुसतं नाव!

मार्कंड्याला गेले तो दिवस मात्र तो पुढं कधीच विसरला नाही. नूतनची मावशी तिथून जवळच, चामोर्शीला राहायची. नूतन तिच्याकडे एसटीनं गेली, आणि काय योगायोग बघा, त्याच दिवशी संघपालला मार्कंड्याची जुनी देवळं आठवली. वैनगंगेचं पाणी आटत चाललं होतं, वाळू तापायला लागली होती. मावशी सावलीत बसून बोरं खात होती. नूतन एका पायरीवर बसली होती.

"जरा सरका ना," संघपाल कॅमेऱ्यामागून म्हणाला.

ती सरकली.

"अजून जरा."

"मी अशी सरकत सरकत नदीत जाईन एक दिवस," ती म्हणाली. "मंग म्हणजा, सरका नूतनबाई, पाणी दिसून नाई राह्यलं." मग ती उठून त्याच्याजवळ आली. आवाज बदलला होता. "देवळाचा काढता, धरणाचा काढता, वाळलेल्या झाडाचा काढता... मी का दगडाहून वाईट दिसते?"

"तसं नाई जी. माणसाचा फोटो काढला का माणूस रागावते."

"मी नाई रागावत. काढून तं पाहा."

वारा आला, तिची बट तोंडावर आली. तिनं ती बाजूला केली नाही. संघपालच्या ओठांवर सगळं येऊन ठेपलं होतं – फोटोचंच नाही, बाकीचंही. पण कंत्राटी नोकरी, भाड्याची खोली... कोणत्या तोंडानं बोलायचं? परमनंट झालो की बोलू, त्यानं ठरवलं.

"थांबा," तो म्हणाला. "अजून तसा उजेड नाई."

तिनं तोंडावरची बट मागे सारली. मग छत्री उघडून पुन्हा त्याच्या कॅमेऱ्यावर धरली.

रानात पळस पेटला, मोहाचा वास सुटला, आणि एका रविवारी अंजनाबाईंनी त्याला हाक मारली.

"भाऊ, एक काम होतं. नूतनले स्थळ आलं हाये, कोरपन्याकडचं. पोरगा सिमेंटच्या कारखान्यात हाये. फोटो मांगते ते लोकं. स्टुडिओतला काढला होता, पण त्या फोटोवाल्यानं मांगं काश्मीरचा पडदा लावला. माही पोरगी बर्फात उभी हाये, अन् घाम पुसून राह्यली! तुमी काढून द्या ना एक."

संघपालनं चहाचा कप बशीत ठेवला. "हो... देतो ना," तो म्हणाला. माणसाला नाही म्हणायचं असतं तेव्हाच नेमकं हो निघतं!

रामाळ्याच्या काठावर गेले. अंजनाबाई लांब बाकावर बसून शेंगदाणे सोलत होत्या. नूतननं फिकट पिवळी साडी नेसली होती. साडीत ती वेगळीच दिसत होती, जरा मोठी, जरा परकी. संघपाल उगाच लेन्स पुसत होता.

"आयका," ती हळूच म्हणाली. "असा काढा, का पोरगा पाहून पळून गेला पाहिजे."

तो हसला. "माझ्या हातानं खराब फोटो निघत नाई."

"काढून तं पाहा. एक खराब फोटो... माझ्यासाठी."

त्यानं वर पाहिलं. ती हसत नव्हती. पण त्याला वाटलं, चेष्टाच करतेय, नेहमीसारखी. आणि खरं सांगायचं तर त्याच्यातला फोटोवाला जागा झाला होता. तलावावरून ऊन परतत होतं, तिच्या गालावर पाण्याचा उजेड हलत होता. महिनोन् महिने ज्या उजेडाची वाट पाहिली तो आज आला होता, आणि तोही कोणासाठी!

"हनुवटी जरा वर... हां. आता माझ्याकडं पाहा."

तिनं पाहिलं. असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर कॅमेरा फेकून दिला असता. संघपालनं बटण दाबलं.

"झालं?"

"झालं."

"चांगला आला?"

"गजब आला असन."

"मंग झालंच," ती म्हणाली, आणि आईकडे चालू लागली.

फोटो धुऊन आला तेव्हा संघपालनं तो लॅबवाल्याच्या काउंटरवरच पाकिटातून काढला. चौकोनी कागदावर नूतन होती, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे पाहत होती. आंधळ्यालाही कळलं असतं. आता कळलं त्याला, एक खराब फोटो म्हणजे काय मागितलं होतं तिनं.

तो फोटो खिशात घेऊन निघाला तो थेट पठाणपुऱ्याला. आज बोलायचंच. परमनंट नसलो तर नसलो. गेटखालून जाताना त्यानं वाक्यं जुळवली. बाई, हा फोटो मी देणार नाई. बाई, मले नूतन आवडते. साधी दोन वाक्यं होती.

पण अंजनाबाईंनी फोटो त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पाहिला, आणि डोळ्यांना पदर लावला. "माय माय माय! एवढी चांगली दिसते माही पोट्टी?" शेजारच्या बाया धावल्या. फोटो या हातातून त्या हातात गेला. का हात हाये भाऊ तुमचा! आमच्या सुनेचा काढून द्या ना! मुंबईले असते तं नाव झालं असतं तुमचं!

आजवर त्यानं काढलेल्या माणसांच्या फोटोला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. संघपालला ते गोड लागलं. एवढं गोड लागलं की तोंडातली वाक्यं तिथंच विरघळली. दारात नूतन उभी होती. चौकटीला धरून, त्याच्याकडे पाहत. तो काहीतरी बोलेल म्हणून बायांच्या गलक्यातही थांबली होती.

"सांगा ना भाऊ, कसा का काढला एवढा चांगला?" कोणीतरी विचारलं.

"काई नाई जी," संघपाल लाजत म्हणाला, "लाइट चांगला होता."

दारातली नूतन आत गेली.

कोरपन्याहून लगेच होकार आला. मुलगा फोटो पाहूनच हो म्हणाला होता, बघायला आला तो नुसता रिवाज म्हणून. नंतर अंजनाबाईंनी निगेटिव्हही मागून घेतली. जावयाला तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. संघपालनं तीही दिली. एवढं दिल्यावर तेवढ्यानं काय होणार होतं?

लग्न मे महिन्यात, विहाराच्या अंगणात. चंद्रपूरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. पांढऱ्या साडीतली नूतन हात जोडून उभी होती, वंदना चालली होती, आणि संघपाल मंडपाच्या खांबाला टेकून घाम पुसत होता. त्यानं कॅमेरा आणला नव्हता. जेवणाच्या पंगती बसल्यावर तो भेटायला पुढे गेला.

"जय भीम. आले म्हणायचे!" ती म्हणाली.

"जय भीम. आलो."

"परमनंट झाले म्हणते तुमी?"

"हो... मागच्या महिन्यात."

"उजेड आला म्हणा." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पठाणपुऱ्याचा तो फोटो... वाया गेलेला. हाये अजून?"

"निगेटिव्ह हाये."

"तो तरी कोणाले देऊ नका."

तेवढ्यात नवरदेव आला. अमर नाव त्याचं. मोकळा, हसरा माणूस, ज्याच्यावर रागही धरता येऊ नये असा. त्यानं संघपालचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमीच का ते फोटोवाले भाऊ? मी तं त्या फोटोवरच फिदा झालो! का नजर हाये हिची त्याच्यात! भाऊ, असं का सांगितलं होतं तुमी हिले, का हिनं असं पाहिलं?"

नूतननं मान खाली घातली. संघपालनं आपला हात सोडवून घेतला.

"काई नाई जी," तो म्हणाला. "लाइट चांगला होता."

त्याच आठवड्यात त्यानं जुन्या निगेटिव्ह उपसल्या. लॅबवाला पट्टी उजेडासमोर धरून म्हणाला, "भाऊ, हे कायले बनवता? कमान वाकडी हाये, पोरगी हललेली हाये, थोबाडही दिसून नाई राह्यलं."

"बनवा तुमी," संघपाल म्हणाला.

पुढे त्याला ऊर्जानगरात क्वार्टर मिळालं. भिंतीवर मार्कंडा आहे, इरई धरण आहे, पेटलेला पळस आहे, एकाहून एक सरस. आणि या सगळ्यांच्या मध्ये तो आहे. तिरपी कमान, पांढरं धुकं, एक सायकल आणि चेहरा न ओळखता येणारी एक मुलगी, सायकलवरून अर्धवट उतरलेली, भांडायच्या बेतात. न ठरवता त्याच्या हातून निघून गेलेला तेवढा एकच फोटो.

येणारे-जाणारे विचारतात, एवढ्या चांगल्या फोटोंत हा खराब फोटो काऊन लावला?

"एका पोरीनं मांगला होता," संघपाल म्हणतो. "मी देल्ला नाई."