रिंगचं चुकलेलं माप

पहिल्याच भेटीत त्याने आमच्या स्पीकरला भोक पाडलं. अगदी खरंखुरं, बोट घालून! आणि वर मलाच झापलं.

त्याचं असं झालं... दादाने मला न विचारता आईचे दोन्ही स्पीकर भंगारात द्यायला म्हणून जिन्याखाली नेऊन ठेवले होते. कळलं तशी मी ओल्या केसांनी धावत खाली आले. बघते तर एक उंच माणूस हत्यारांची पेटी शेजारी ठेवून स्पीकरसमोर उकिडवा बसलेला, आणि त्याचं बोट थेट वूफरच्या कडेला.

"कुठल्या अक्कलशून्य माणसाने हे इथे टाकलेत?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"तो अक्कलशून्य माझा भाऊ आहे. त्याला काय बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही आधी बोट काढा!"

त्याने बोट काढलं. बोटाबरोबर फोमचा तुकडाही बाहेर आला.

"फोडलात!"

"मी? अहो, ही कडेची रिंग केव्हाच गेलीय. नुसता हात लावला तरी भुगा होतो... हे बघा."

"दाखवायला म्हणून आणखी तोडू नका!"

आता कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. केसांतून टपकणाऱ्या पाण्याकडे, मग माझ्या पायांकडे. घाईत मी दोन वेगवेगळ्या चपला घालून आले होते. तो हसला नाही, पण हसू दाबताना माणूस कसा दिसतो ते मला चांगलं कळतं.

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी अॅम्प्लिफायर दुरुस्त करून तो निघाला होता. बेकरीच्या शेजारी त्याचं दुकान.

"हे दुरुस्त होतील?" मी विचारलं.

"होतात का ते मी सांगतो. करायचे की नाही ते तुम्ही ठरवा. नवीन रिंग बसवायची म्हणजे दोन-चार दिवसांचं काम, आणि आतली तारेची कॉइल घासत असेल तर सगळी मेहनत वाया."

"मी ठरवलंय."

"न ऐकताच?"

किती आगाऊ! मी मनातल्या मनात त्याचं नाव 'खडूस' ठेवून टाकलं.

घरी दादाशी कडाक्याचं भांडण झालं. "जुने झालेत गं ते," तो म्हणाला, "आता आईलाही झेपत नाही. क्लास बंदच करतेय ना ती रविवारी!" आई आणि स्पीकर, दोघांना त्याने एकाच वाक्यात निकालात काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमची आई नाच शिकवते. बाहेरच्या खोलीत लाकडी जमीन आहे. मुलींकडे पाठ करून उभी राहिली तरी कुणाचं पाऊल चुकलं ते तिला जमिनीतून कळायचं. गाण्याचा ठोका त्या दोन वूफरमधून यायचा आणि सगळ्यांच्या पायांत शिरायचा. पण वर्षभरापूर्वी ते फडफडायला लागले. मग दादाने पाण्याच्या बाटलीएवढा नवा स्पीकर आणला. त्याचा आवाज कानाला टोचायचा आणि पायाला काही म्हणजे काही कळायचं नाही. मुली चुकायला लागल्या, आईला ते पकडता येईना. तिला वाटलं आपलंच वय झालं. ती आतल्या खोलीत बसायला लागली आणि क्लास माझ्या गळ्यात पडला. आता तर तिने रविवारचा क्लास शेवटचा म्हणून जाहीर केलं होतं.

"का गं दुरुस्तीच्या मागे लागतेस?" ती म्हणाली. "त्यांचे दिवस संपले, माझेही संपले."

"काही संपलेलं नाही!" मी ओरडले आणि मलाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्पीकर रिक्षात घालून खडूसच्या दुकानात गेले. डिंक, सोल्डर आणि शेजारच्या बेकरीतला ताजा पाव, असा सगळा मिळून एक वास तिथे दरवळत होता. त्याने माझी बोटं वूफरच्या पडद्यावर टेकवली, आपली शेजारी ठेवली आणि हलकेच दाबलं.

"घासतंय का?"

"नाही... म्हणजे काय जाणवायला हवं?" माझं निम्मं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं.

"काहीच नको. हा वाचेल." दुसरा दाबला तर आतून बारीक खरखर आली. त्याचा चेहरा उतरला. "याचं सांगता येत नाही. प्रामाणिकपणे सांगू? कुणीही म्हणेल, नवे घ्या."

"तुम्हीसुद्धा? तुम्हीच आमच्या दादाला अक्कलशून्य म्हणालात ना?"

"मी..."

"जरा फडफडलं की जुनं झालं, टाका बाहेर! माणसांनासुद्धा असंच म्हणणार का?" आणि मग जी सुटले ती सुटलेच. आई, क्लास, रविवार, ती पाण्याची बाटली, सगळं सांगितलं. तो हातात पट्टी घेऊन माप घेत होता आणि मध्येमध्ये नुसतं "हं" म्हणत होता.

"झालं?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही!"

"बरं. पण स्पीकर मी ठेवून घेतोय. रिंग मागवतो. रविवारपर्यंत करतो."

शनिवारी गेले तर रिंग आल्या होत्या, आणि वूफरवर ठेवल्या की चांगल्या बोटभर बाहेर! आपण पडद्याच्या कडेचं सोडून बाहेरच्या लोखंडी चौकटीचं माप पाठवलं, हे त्याने मान खाली घालून सांगितलं.

"आयुष्यभर हेच करता ना तुम्ही? ही तर शिकाऊ माणसाची चूक! उद्या शेवटचा क्लास आहे हो... आईला काय सांगू मी?"

"माप घेताना तुम्ही बोलत होता."

"मग कान बंद ठेवायचे!"

"कान बंद ठेवून माझं पोट कसं भरेल?" तो रिंग खोक्यात परत भरायला लागला. "आणि कानांचं काही नव्हतं... चिडलात की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो. मी तिकडे बघत होतो. काय लिहितोय ते बघितलंच नाही."

मला इतका राग आला, इतका राग आला की मी हाताने नाकच झाकलं. नाक लाल झालंय हे न बघताही कळत होतं.

"मी आत्ता स्वतः जाऊन आणतो," शटर ओढता ओढता तो म्हणाला. "तुम्ही आईंना काहीच सांगू नका."

रविवारी मुली रांगेत उभ्या राहिल्या. दादाही आला होता, वहिनीने फुलं आणली होती. निरोप समारंभच म्हणा ना! आई दाराजवळ खुर्चीत पाहुण्यासारखी बसली होती. मला ते बघवेना. सारखी खिडकीशी जात होते... रस्त्यावर कुणीच नव्हतं.

क्लास निम्मा झाला आणि दार ढकललं गेलं. दोन्ही हातांनी स्पीकर कवटाळलेला, डोळे तांबारलेले खडूस आत आला. मागोमाग दुसरा आणला.

"घासणाऱ्याचं काय?" मी कुजबुजले.

"कागदाच्या पट्ट्या घालून कॉइल मधोमध आणली. डिंक वाळल्यावर काढल्या." त्याने वायर जोडली. "लावू?"

गाणं सुरू झालं. पहिला ठोका पडला आणि माझ्या तळव्यांना कळला.

आईलाही कळला. ती उठली, स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. मग मुलींकडे पाठ असतानाच ती कडाडली, "तिसरी रांग, उजवीकडून दुसरी! डावा पाय!"

त्या मुलीने घाबरून पाय बदलला. मी दादाकडे पाहिलं. तो फुलांकडे बघत होता.

"उद्या नेहमीच्या वेळेला यायचं," क्लास संपल्यावर आईने मुलींना बजावलं. "दांडी मारलेली चालणार नाही."

खडूस हत्यारं गोळा करत होता. "आता काळजी नको," तो म्हणाला. "नीट वापरलेत तर दहा वर्षं तरी बघावं लागणार नाही."

"दहा वर्षं?" माझा आवाज चढला. "म्हणजे दहा वर्षं तुम्ही तोंड दाखवणार नाही? ही काय दुरुस्ती झाली?"

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, खोलीत सगळे आहेत. मुली खुदखुदल्या. त्याचे कान लालभडक झाले.

"मग... एखादा स्क्रू सैल ठेवू का?"

"काही गरज नाही!" मी म्हणाले. "बिघडायची वाट कशाला बघायची? उद्या संध्याकाळी ये."

"काय बिघडलंय म्हणून सांगू?"

"हिचं डोकं," आई म्हणाली. तिचा हात अजून स्पीकरवरच होता. "आठवडाभर ठिकाणावर नाहीये. ये तू."

"दुकान लवकर बंद करतो," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"लवकर म्हणजे कधी?" मी अजून चिडलेलीच होते.

"तुझं नाक पुन्हा लाल व्हायच्या आत."