पहिली ओटी

"मागच्या क्वार्टरपाशी ती लंगडी कुत्रीसुद्धा व्याली. आणि आमची थोरली बघा... भाकड ती भाकडच राहिली."

धाकट्या सुनेच्या डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांसमोर द्वारकाबाई हे मंडईतला भाजीचा भाव सांगावा तसं बोलल्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात नारळीभाताला वाफ आणत उभ्या असलेल्या थोरल्या सुनेनं, अहिल्येनं, पातेल्यावरचं झाकण दाबून बसवलं.

सासूबाईंचा जन्म गोठ्यात गेलेला. म्हैस गाभण राहिली, शेळी व्याली, गाय आटून भाकड झाली, तिथे हे शब्द कुणाला टोचत नाहीत. पण माणसांत आल्यावर त्या शब्दसुद्धा माणूस बघून वाटत. स्वतःची लेक 'सुखरूप मोकळी झाली', नावडती शेजारीण मात्र 'पुन्हा व्याली', आणि अहिल्येच्या वाट्याला गोठ्यातला तो शेवटचा शब्द... बाजारात जनावराची कास चाचपावी तसं त्या शब्दानं कुणीतरी आपलं अंग चाचपतंय असं वाटून तिला दर वेळी शिसारी येई.

आणि तरी तिनं तो गिळला होता. दोष तिच्यात नव्हताच. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं, गुणवंतानं, तिचे हात धरले होते, "आईला कळलं तर ती खचेल गं..." म्हणून डोळ्यांत पाणी आणलं होतं. त्या वेड्या मायेपोटी तिनं दिलेला शब्द आजवर पाळला होता.

"ताई, चलो ना." हिरव्या साडीत अवघडत सृष्टी, तिची धाकटी जाऊ, स्वयंपाकघराच्या दारात आली. दिल्लीतच वाढलेली पोर, पहिली ओटी लेकुरवाळीनं भरायची हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "पहिली ओटी तुम्हीच भरा. घरात सीनियर तुम्ही आहात."

तिनं अहिल्येला ओढतच पाटापाशी नेलं आणि पदर पसरला. अहिल्येनं नकळत नारळ उचलला, तोच द्वारकाबाईंनी तो हिसकावून घेतला.

"भाकडीच्या हातची ओटी? माझ्या नातवाचं वाटोळं करायचंय का तुला?"

सृष्टी गोंधळून सगळ्यांकडे बघू लागली. "भाकड म्हणजे काय, आई?"

पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा असलेला गुणवंत बोलला.

"भाकड म्हणजे मी, सृष्टी."

मग आईकडे वळून तो कसाबसा म्हणाला, "दोष माझ्यात आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. मीच हिचं तोंड बंद केलं, आई..."

अहिल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती, पण घशाशी आली ती किळसच. याच खोलीत, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, पेपरामागे तोंड लपवून हा माणूस रोज ते ऐकत होता आणि नंतर तिच्याच हातचं जेवत होता.

द्वारकाबाईंचे ओठ हलू लागले. लेकाला काय म्हणावं ते त्या शोधत असाव्यात... "मग तू रे मेल्या, तू..."

"नको, आई." अहिल्येनं त्यांना मध्येच थांबवलं. "त्यांना काही म्हणू नका. असलं ऐकून घेताना काय होतं ते मला ठाऊक आहे. या घरात दुसऱ्या कुणाला ते नको."

द्वारकाबाईंनी हातातला नारळ पुढे केला. "भर... अहिल्या." आजवर त्या 'थोरली' म्हणत, नाव घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

अहिल्येनं आधी मोरीवर जाऊन, तो शब्द धुऊन टाकावा तसे हात चोळून चोळून धुतले. मग खण, नारळ, तांदूळ सृष्टीच्या पदरात घातले, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "सुखरूप मोकळी हो, बाळा."

ते शब्द ऐकून द्वारकाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि हुंदका दिला. अहिल्येनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. गुणवंत पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहिला होता. तिनं तो घेतला, सासूबाईंच्या हाती दिला, आणि त्याच्याकडे न बघता पानं वाढायला आत गेली.