फरशीची प्रलंबित तक्रार

वसतिगृहाच्या फाटकासमोरच्या फरशीवर त्यानं पाय ठेवला मात्र, फरशीखाली साचलेलं पावसाचं पाणी उसळलं ते थेट तिच्या नव्याकोऱ्या कपड्यांवर.

"अरे देवा! सॉरी… म्हणजे, हीच का ती डगमगणारी फरशी?"

"नाही, ही शोभेची आहे," ती कपडे झटकत म्हणाली.

तो हसला. प्रभाग कार्यालयातला कनिष्ठ अभियंता होता तो, नवाच लागलेला. कानामागे पेन्सिल आणि काखेत तक्रारींची वही. "तक्रारदार आपणच?"

"मीच."

तक्रारदार ती होती खरी, पण अर्धीच. लोकप्रशासनाचं शेवटचं वर्ष होतं, आणि प्रबंधासाठी तिनं मैत्रिणींना हाताशी धरून शहरातल्या बारा प्रभागांत एकेक तक्रार नोंदवली होती. कुठलं कार्यालय किती दिवसांत तक्रार निकाली काढतं, एवढंच मोजायचं होतं. मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "पाठपुरावा करायचा नाही, ओळख द्यायची नाही. आपण तटस्थ. फक्त तारखा लिहायच्या." तिनं बिनदिक्कत मान डोलावली होती. तटस्थ राहायला काय लागतं!

चौथ्या दिवशी फरशी पक्की बसली. आता तक्रारदाराची सही घेतली की काम संपलं. पण साहेब सहीचा कागद काढतील तर शपथ! सहाव्या दिवशी सिमेंट वाळलं का ते बघायला आले. नवव्या दिवशी पातळी तपासायला. तेराव्या दिवशी तर फरशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तक्रारदार, आज चेहरा का उतरलाय?" असं मात्र विचारलं… आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तिचा पुरता गोंधळ उडाला. तक्त्यात विलंबाचं कारण लिहायला रकाना होता. मनुष्यबळ कमी, साहित्य नाही, नाहीतर टाळाटाळ. टाळाटाळ म्हणावी, तर हा माणूस न बोलावता येतो! आणि तो यायच्या वेळेला आपण ठेवणीतले कपडे घालून फाटकाशी का घुटमळतो, हे तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. स्वतःचाच राग यायचा तिला. तो आला की तो राग कुठे पळायचा, कोण जाणे.

एकविसाव्या दिवशी मॅडमनी तक्ता पाहिला. "बाकी सगळे आठवड्याच्या आत, आणि हा एकच प्रभाग एकवीस दिवस? अहवाल आयुक्तांकडे जाणार आहे. त्या अभियंत्याला नोटीस निघेल. कारण नीट शोधून लिही."

तक्ता छातीशी धरून ती तडक वसतिगृहाकडे निघाली.

संध्याकाळी तो आला, तसं तिनं फाटकातच गाठलं. "फरशी पक्की आहे. सही का घेत नाही तुम्ही?"

"घेऊ की… घाई काय आहे?"

"आहे घाई! ही तक्रार माझ्या प्रबंधातली आहे. तुमचे दिवस मोजतेय मी. तुमचा प्रभाग शेवटचा आलाय, नोटीस निघेल तुम्हाला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे… तुम्ही माझ्याशी इतकं बोलायचात, ते मोजण्यासाठी?"

"ते वेगळं!" ती जवळजवळ ओरडलीच. "आधी कारण सांगा. माणसं कमी होती? सिमेंट नव्हतं?"

त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि उगाच तिचं टोक न्याहाळत राहिला. "सही घेतली असती, तर परत कशाला आलो असतो मी इथे? अख्ख्या रस्त्यावर दुसरी एकही फरशी हलत नाही हो… मी सगळ्यांवर उभा राहून पाहिलंय."

तिला हसू आलं, आणि रडूही. हात पुढे करून ती म्हणाली, "आणा तो कागद."

त्यानं वहीतून काढून दिला. तिनं सही केली, खाली आजचीच तारीख घातली. "नोटीस येणार नाही तुम्हाला. ही नोंद मी तक्त्यातून काढतेय."

"मग तुमचे गुण कापतील की!"

"कापू देत. खरं तेच सांगणार आहे. या प्रभागात संशोधक तटस्थ राहिली नाही म्हणून."

त्याला कळायला जरा वेळच लागला. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं, पण हातातला कागद पाहून तो पुन्हा गोंधळला. "पण… आता तक्रार तर निकाली निघाली. उद्या काय कारण सांगून येऊ?"

"उद्या विनाकारण या," ती म्हणाली.