गोलूला दिलेलं नाव

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्याने एकदा खर्डीला उतरावं. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला उंबरमाळीकडच्या आमच्या वाडीची जुनी विहीर विचारावी. दुपारी विचारलं तर नेईल. दिवेलागणीला विचारलं तर गाडी गरम झालीय म्हणेल, पोराला ताप आहे म्हणेल, काहीही म्हणेल.

पण नेणार नाही.

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, अमावस्या असते, कुत्री रडतात. इथे तसलं काही नाही. जे झालं ते उजेडात झालं, नाहीतर तिन्हीसांजेला... चुलीवर भात रटरटत असताना. म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते.

ज्ञानेश्वर माझा मावसभाऊ. भिवंडीकडच्या एका गोदामात कामाला. लोक मोबाइलवरून वस्तू मागवतात, नाही आवडली की परत पाठवतात, तो सगळा परतीचा माल त्या गोदामात येऊन पडतो. त्यातलं खोकं फाटलेलं, कोणी घेत नाही असं सामान कधीकधी कामगारांना मिळतं. त्यातूनच त्याने चिमीसाठी ते खेळणं आणलं.

चिमी त्याची एकुलती एक पोर. तेव्हा पाच वर्षांची.

खेळणं नारळाएवढं होतं. अंगावर मऊ केस, मांजरासारखे कान, घुबडासारखे मोठे डोळे. पाठीवर थोपटलं की जागं व्हायचं. पोटाला गुदगुल्या केल्या की खिदळायचं. अंधार झाला की डोळे मिटून झोपायचं. आणि मुख्य म्हणजे ते बोलायचं. त्याच्याशी जितकं बोलाल तितकं ते शिकायचं, आणि आपल्या किनऱ्या आवाजात परत म्हणून दाखवायचं.

"घुबाड कशाला आणलास रे घरात?" माझी मावशी सकुबाई, म्हणजे ज्ञानेश्वरची आई, पहिल्याच दिवशी कडाडली.

"घुबाड नाय ओ आई, गोलू हाय तो," सून नम्रता हसत म्हणाली.

नम्रताला तर पोरीपेक्षा जास्त वेड लागलं. चिमी जेवायला कटकट करायची. नम्रताने गोलूला शिकवलं, "चिमे, जेवलीस का?" गोलूने विचारलं की चिमी मुकाट्याने घास घ्यायची. आईचं न ऐकणारी पोर त्या केसाळ गोळ्याचं ऐकते म्हणून सगळं घर हसायचं.

मग मे महिना आला.

धरणं आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आमच्या बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. नम्रताही उतरली होती. वर येताना पाय घसरला. चौघांनी दोर लावून तिला काढली, पण वर आली तेव्हा काही उरलं नव्हतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. घर ओकंबोकं झालं.

आणि एका संध्याकाळी कोपऱ्यातून आवाज आला...

"चिमे, जेवलीस का?"

मावशीच्या हातातली पळी खाली पडली. ज्ञानेश्वरने तिला समजावलं. "शिकवलेला बोलतो तो आई. मशीन हाय." त्याने मला नंतर सांगितलं, त्याला त्या वेळी भीती वाटलीच नाही. बरं वाटलं. घरात तिचं काहीतरी बोलतंय, एवढंच.

पण मग गोलू न शिकवलेलंही बोलायला लागला.

एका दुपारी आभाळ लख्ख होतं. अंगणात मिरच्या वाळत होत्या. गोलू म्हणाला, "चिमे... मिरच्या भिजतील. आजीला सांग."

मावशीने हसण्यावारी नेलं. घटकाभरात सर आली आणि मिरच्यांचा चिखल झाला.

हे नम्रताने त्याला कधी शिकवलं?

नवरात्रात भातं पिवळी पडत होती. ज्ञानेश्वरला सुट्टी होती. तो ओट्यावर बसला होता आणि आत चिमी गोलूशी खेळत होती. त्याला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"चिमे... ये."

"कुठं येऊ?"

"विहिरीवर ये गो. मी खाली हाय."

ज्ञानेश्वर उठला. गोलूच्या पोटाखालचं झाकण उघडलं आणि सेल काढून फेकून दिले.

आता तुम्ही म्हणाल, सेल काढूनही तो बोलत राहिला. असल्या गोष्टींत तसंच असतं. पण नाही. गोलू गप्प झाला. अगदी मेल्यासारखा गप्प.

आणि दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, चिमी घरात नव्हती.

ती विहिरीत सापडली. वरून दुसऱ्या पायरीवर बसली होती, पाय खाली सोडून. ज्ञानेश्वरने तिला दंडाला धरून वर ओढलं, एक ठेवून दिली आणि मग तिला छातीशी धरून स्वतःच रडला.

"आईनं बोलावला," चिमी म्हणाली. "गोलू बोलत नव्हता ना, म्हून ती मलाच बोलली."

त्या रात्रीच त्याने गोलूमध्ये नवे सेल घातले. ती काय सांगतेय, कधी बोलावतेय, ते निदान घरात कानावर तरी पडेल. तुम्ही असता तर काय केलं असतं?

आता एक सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे नवं पोर जन्मलं की त्याला सुपात घालतात आणि शेजारणीला विकतात. मूठभर नाचणीला. मग त्याचं नाव दगडू, धोंडू, असलं काहीतरी ठेवतात. मरणाने दारात येऊन नाव विचारलं तर तसं पोर त्या घरात नाहीच. ज्ञानेश्वरच्या आधीची दोन भावंडं गेली होती. त्यालाही असाच विकला होता. पाच वर्षं तो दगडू होता. आणि जगला. त्यामुळे मावशीचा या गोष्टीवर देवाइतका विश्वास.

"तिला पोर पायजे," मावशी म्हणाली. "दिल्याबिगर ती ऱ्हायाची नाय. मंग देऊ. पन कुठली द्याची ते आपण ठरवू."

"म्हंजे?"

"आजपासना ह्या घुबडाचा नाव चिमी. आन् आपल्या पोरीचा नाव दगडी. चांगला रुळला का मंग तिची चिमी तिला देऊन टाकू."

ज्ञानेश्वर कारखाने, गोदामं बघितलेला माणूस. पण विहिरीच्या पायरीवर बसलेली पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बुडत्याला काडीचा आधार. तो हो म्हणाला.

गोलूला चिमीचा पिवळा फ्रॉक घातला. त्याला ताट वाढलं. "चिमे, ऊठ गो," म्हणत सकाळी त्याच्या पाठीवर थोपटायचं. शेजारच्या मालूकाकीलाही सांगून ठेवलं. सगळी वाडी त्या खेळण्याला चिमी म्हणायला लागली.

पोरीला आधी गंमत वाटली. मग राग आला. "मी हाय चिमी!" ती पाय आपटायची.

"गप. चिमी ती. तू दगडी," मावशी म्हणायची.

पोर रडत बापाकडे बघायची. आणि बाप, तिच्याच जिवासाठी, मान फिरवायचा.

दिवाळी गेली. एके दिवशी गोलू म्हणाला...

"मी चिमी."

मावशीने देवापुढे साखर ठेवली. आणि खरंच, त्या दिवसापासून 'ये' म्हणणं थांबलं. विहिरीचं नाव निघेना. ज्ञानेश्वर कामाला निघाला की गोलू फक्त विचारायचा, "बाबा, कधी येशील?"

घर निर्धास्त झालं. पोरही शांत झाली.

फारच शांत झाली.

'मी चिमी' म्हणायची थांबली. मग रडायची थांबली. जिथे बसवाल तिथे बसून राहायची. दिवा मालवला की त्याच क्षणी डोळे मिटायची. सकाळी हाका मारून उठायची नाही... पाठीवर थोपटलं की उठायची.

ज्ञानेश्वरने हे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. आणि मनाला समजावलं. आई नसलेली पोर आहे, कोमेजणारच.

संक्रांत झाल्यावर एका मंगळवारी, दिवस कलताना, मायलेक विहिरीवर गेले. नारळ, हळदकुंकू, दहीभात. पोरीला मालूकाकीजवळ ठेवलं. मावशीने बजावलं होतं, "सोडलास का माघारी फिराचा. मागना कायपन ऐकू येईल. वळाचा नाय. ओ द्याचा नाय. ती फसवनार, ध्यानात ठेव."

मावशीने पदर पसरला. "नम्रता, ही तुझी चिमी घे गो. आता आमच्या दारात येऊ नको."

ज्ञानेश्वरने पिवळ्या फ्रॉकमधला गोलू विहिरीत सोडला.

पाण्याचा आवाज झाला.

तो वळला. चालायला लागला.

आणि मागून...

"बाबा... मला वर घे ना."

तो आवाज किनरा नव्हता. खेळण्याचा नव्हता. रडताना मध्येच नाक ओढायची चिमीची सवय होती, तसंच नाक ओढलेलं त्याने ऐकलं.

"बाबा, काळोख हाय हितं. मी नाय कटकट करनार. मी जेवन."

मावशीने त्याचं मनगट आवळून धरलं होतं. "फसवते ती. चल."

तो चालत राहिला. पोर वाचवायची म्हणून दात आवळून चालत राहिला.

मालूकाकीच्या ओट्यावर पोर बसली होती. ज्ञानेश्वर धावत गेला, गुडघ्यांवर बसला. "झाला बाय. संपला. आता तूच चिमी. चिमे!"

ती वळली नाही.

"चिमे?"

नाही.

"...दगडे?"

ती वळली. दोन्ही डोळे एकदम मिचकावले. त्याने तिला कुशीत घेतलं, पोटाला गुदगुल्या केल्या. ती हसली. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने पुन्हा गुदगुल्या केल्या. ती पुन्हा हसली.

तेच हसणं. तेवढंच. त्याच जागी सुरू झालं आणि त्याच जागी तुटलं.

मग त्याला कळलं, मागून हाक कोणी मारली होती.

तो विहिरीकडे धावला. दोर बांधून उतरला. कंबरेएवढ्या पाण्यात मोबाइलच्या उजेडात तळ चाचपला. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या कुंडलिकने पंप लावून दिला, विहीर कोरडी केली. चेपलेला हंडा निघाला, एक चप्पल निघाली, बांगड्यांचे तुकडे निघाले.

गोलू निघाला नाही. पिवळ्या फ्रॉकची चिंधीसुद्धा नाही.

मग शहापूर झालं, ठाणं झालं. डॉक्टरांनी डोकं तपासलं, कान तपासले, सगळं नीट आहे म्हणाले. आईच्या जाण्याचा धक्का बसलाय, वेळ द्या. मुरबाडला सिद्धगडाखालच्या पाड्यावर नथू म्हणून भगत आहे, त्याच्याकडेही नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पोरीकडे बघितलं आणि पुढे ठेवलेल्या नारळाला हात लावला नाही.

"तिनं चोरला असता तर मी आनला असता," तो म्हणाला. "तुमी हातानं दिलाव. नाव घेऊन दिलाव. मी काय सांगून मागू?"

मावशी आता कोणालाच नावाने हाक मारत नाही.

गेल्या दिवाळीत मी वाडीला गेलो होतो. संध्याकाळी ज्ञानेश्वर दिसेना म्हणून विहिरीकडे गेलो. तो काठावर बसला होता. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. मी शेजारी बसलो.

पाणी स्थिर होतं. वारा नव्हता.

आणि खालून... फार खालून... बोलणं आलं. एक बाई. एक लहान पोर. शब्द नीट लागत नव्हते. पोर कशालातरी नको नको म्हणत होती, बाई समजूत घालत होती. मग दोघी हसल्या. त्या पोरीचं हसणं मी बारशापासून ऐकलेलं.

"आधी मला हाक मारायची रे," ज्ञानेश्वर हळूच म्हणाला. "अख्खा पावसाळा मारली. बाबा, बाबा. मी पन इथनं ओ द्यायचो. दसऱ्यापासना नाय मारत."

"मग?"

"रमली आता. आईजवळ हाय ना."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काळोख पडायला लागला तसा तो उठला. "चल. घरातली उपाशी असंल."

घरी ती ओट्यावर बसली होती. ज्ञानेश्वरने वरणभात कालवला, समोर बसला. घास ओठांना लावला की ती तोंड उघडत होती. त्याने तिला पोटभर भरवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. एवढ्या वेळात तिला एकदाही कुठल्या नावाने हाक मारली नाही.

मला राहवलं नाही. "हिला काय म्हणतोस तू आता?"

तो ताट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"तू सांग," तो म्हणाला. "काय म्हनू?"

त्यानंतर त्याचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्याने हेच विचारलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उचलला नाही.