फेस्टी मॅनियनच्या माश्या

त्या गळाच्या काठ्या चुलीपासून जरा लांब उभ्या करा, वार्निश सुटेल. कोट इकडे द्या. दुपारी तुम्ही विचारलंत ना, बकऱ्यांच्या बेटामागे मी होडी का नेत नाही म्हणून? चहा होईपर्यंत सांगतो. विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. झालं तसं सांगतो, एवढंच.

मे महिन्यात लॉक आर्दानच्या, म्हणजे आमच्या या सरोवराच्या, तळच्या चिखलातून पिवळसर पंखांची माशी वर येते, ती तुम्ही आज पाहिलीतच. आम्ही तिला मेमाशी म्हणतो. एरवी तळाशी बसून राहणारी ट्राउट माशांमधली जुनी धेंडंसुद्धा तिच्यासाठी वर येऊन तोंड उघडतात. ते दोन आठवडे आमच्या गावात कुणी सरळ वागत नाही. शाळामास्तर आजारी पडतो, न्हावी दुकान बंद ठेवतो, फादर टियर्नन प्रवचन आटोपतं घेतात.

फेस्टी मॅनियन माझ्यासारखाच होडीवाला. पण त्याचं नाव झालं ते गळाच्या खोट्या माश्या बांधण्यात. गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून अशी मेमाशी बांधायचा की टेबलावर ठेवली तर मांजर झडप घालायचं. त्या माशीचं अंग पाण्यात वेगळंच चमकायचं. त्यातलं गुपित साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते होते त्याच्या बायकोचे केस. डेलियाचे केस तांबूस सोनेरी, कमरेपर्यंत. सकाळी तिची वेणी झाली की कंगव्यात अडकलेले केस हा सोडवून डबीत ठेवायचा. गुत्त्यात त्यावरून त्याची टर उडायची.

"फेस्टी, बायकोला टकली करशील रे एक दिवस!"

"तुमच्या बायकांचे केस लावले तर मासे पळून जातात, त्याला मी काय करू?" तो म्हणायचा.

असाच एका मे महिन्यात फेस्टी एकटा पाण्यावर गेला आणि परत आला नाही. होडी बकऱ्यांच्या बेटामागे सापडली. उलटली नव्हती. वल्ही आत काढून नीट आडवी ठेवलेली, जेवणाचा डबा उघडलेलाही नाही. आम्ही आठवडाभर तळ खरवडला. आर्दान घेतलेलं परत देत नाही, अशी म्हण आहे आमच्यात. नाहीच दिलं.

डेलिया तेव्हा तिशीची असेल. त्या एका हिवाळ्यात तिचे केस कापसासारखे पांढरे झाले. पाण्याकाठच्या त्याच घरात ती शिवणकाम करत राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी पावाची गाडी चालवणारा कोलमन हेशन तिच्या दारात पाव द्यायला जरा जास्तच वेळ थांबू लागला, मग चहाला बसू लागला. धिप्पाड माणूस, आवाज घंटेसारखा, मन लोण्याचं. फेस्टीचं प्रेत मिळालेलं नव्हतं, म्हणून चर्चची परवानगी मिळेना. फादर टियर्ननांनी बिशपच्या मागे लागून ती आणली आणि लग्न जूनमध्ये ठरलं.

त्याआधीच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी कोलमन माझ्याकडे आला.

"बार्टली, मला एक ट्राउट हवाय."

"मग बाजारात जा."

"विकतचा नको रे. संध्याकाळी माझी थोरली बहीण येतेय डेलियाला बघायला. शुक्रवार, म्हणजे मटण चालायचं नाही. मी बोलून बसलोय की मासा मी स्वतः धरून आणतो."

"तू? आजवर तू पावाच्या टोपलीशिवाय धरलंयस काय?"

"म्हणून तर तुझ्या पाया पडायला आलोय ना, बाबा!"

निघालो. वारा नैर्ऋत्येचा, हवा मेमाशीला हवी तशी ढगाळ. पहिल्या फेकीत कोलमनच्या गळाने त्याचीच टोपी धरली, दुसऱ्या फेकीत माझी बाही. दुपारपर्यंत तो हसून हसून दमला आणि मी वाकून वाकून. मग वारा पडला. ढग खाली उतरून पाण्यावर बसला आणि पन्नास हातांपलीकडचं दिसेना. आम्ही बकऱ्यांच्या बेटामागे होतो. तिथेच कोलमनच्या माशीभोवती पाणी सावकाश फुगलं आणि माशी आत गेली. काठी कमानीसारखी वाकली. मी ओरडत होतो, "ओढू नकोस, जाऊ दे त्याला," तो ओरडत होता, "जातोय, जातोय!" शेवटी मासा जाळीत आला. पिवळ्या पोटाचा, काळ्या ठिपक्यांचा. त्या वर्षी तेवढा कुणाला मिळाला नव्हता. कोलमनने त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

बेटावर उतरून आम्ही चहाला पाणी ठेवलं. आमची एक सवय आहे. पहिला मासा साफ करताना त्याच्या पोटातलं पांढऱ्या बशीत पाणी घालून पाहायचं, तो काय खातोय ते कळतं. मी तसं केलं. मेमाश्या, मेमाश्याच. पाण्यात त्यांचे पंख एकेक करून उलगडले. तीन मात्र उलगडल्या नाहीत. मी काडीने हलवल्या तर बशीवर टिक् असा आवाज आला.

त्यांना गळ होते.

बोटांवर घेऊन पाहिल्या. गुंडाळी उलट्या अंगाने गेलेली. फेस्टी डावखुरा होता. तशी गुंडाळी आमच्या सरोवरावर दुसऱ्या कुणाची नव्हती. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या गळावर गंज हवा, पण ते नव्या सुईसारखे लखलखत होते. तेही एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण माशीच्या अंगाभोवती केस होते, आणि ते पांढरे होते. फेस्टी गेला तेव्हा डेलियाच्या डोक्यात पांढरा केस औषधालासुद्धा नव्हता.

"काय रे, काय सापडलं?" कोलमनने विचारलं.

"कुणाच्या तरी तुटलेल्या माश्या." मी त्या तंबाखूच्या डबीत टाकल्या. "चल, निघू. चहा घरी घेऊ."

"अरे, उकळतोय की!"

"ओतून टाक."

परत निघालो तेव्हा वाऱ्याची एक बारीक झुळूक सुरू झाली होती. धुक्यात आणखी एक होडी असल्याचं मला आधी वासावरून कळलं. तळचा गाळ उपसला की येतो तसा वास. मग वल्ह्याची कडी कुरकुरली. मग होडी दिसली. तिच्यात एकच माणूस, आमच्याकडे पाठ करून बसलेला, हातात लांब काठी. त्याची वल्ही आत होती. तरी होडी पुढे सरकत होती, वाऱ्याविरुद्ध, अगदी सावकाश. मागे पाण्यावर रेघसुद्धा उमटत नव्हती.

"काही लागलं का?" त्या माणसाने विचारलं.

आमच्या सरोवरावर ही रीत आहे. होडी होडीला भेटली की विचारायचं, आणि विचारलं की उत्तर द्यायचं. कोलमनला तर कुणीतरी विचारायचीच वाट होती.

"लागलाय! चांगला हातभर! तुमचं काय?"

त्याने काठी जराशी वर उचलली. मग...

"कुणासाठी नेतोस?"

कोलमनने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर बूट दाबला. "नाव घेऊ नकोस..." मी म्हटलं. "गप्प बस... खाली बघ."

"अरे पण..."

"गप्प!"

"कुणासाठी... नेतोस?" या वेळी आवाज जवळून आला. होडी होती तिथेच होती, पण आवाज आमच्या फळीखालून यावा तसा. कोलमनने पाय वर ओढून घेतले. मी वल्ही मारली. अशी मारली की हाताची सालं निघाली. मागे काठीवरचं रीळ उलगडल्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला, कुणी दोर सोडतंय, आणखी सोडतंय, तसा.

डेलियाकडे पोचलो तेव्हा बहीण आलेली होती. कोलमन बिचारा पुढच्या खोलीत आवाज चढवून माशाची गोष्ट सांगू लागला, नेमकी अर्धी. डेलियाने माझं तोंड पाहिलं आणि मागच्या स्वयंपाकघरात बोलावलं. मी डबी उघडून दाखवली. तिने एक माशी उचलली आणि खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीला लावून पाहिली. रंगात फरक नव्हता.

मला वाटलं, ती किंचाळेल. ती खुर्चीवर बसली फक्त.

"इतक्या वर्षांत मी कंगवा साफ केलेला नाही, बार्टली," ती म्हणाली. "सकाळी बघावं तर तो साफच असतो. उंदीर नेत असतील म्हणायचे मी. घरट्यासाठी."

"कोलमनला काय सांगायचं?"

"खरं ते. हे लपवून मी संसार मांडणार नाही. जायचं असेल तर आत्ताच जाऊ दे त्याला."

बहीण झोपायला गेल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. त्याला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग, सोडतोस का लग्न?" मी विचारलं.

"घाबरलोय मी, बार्टली. खोटं कशाला बोलू! रात्रभर दिवा जळत ठेवला. पण मेलेल्याच्या भीतीने जिवंत बाईला टाकून जाऊ? आणि मग रोज तिच्या दारात पाव कुठल्या तोंडाने देऊ?"

रविवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही तिघं माझ्या होडीतून बेटामागे गेलो. स्वच्छ ऊन होतं. डेलियाने डोक्यावरचा रुमाल काढला. केस कानापर्यंत कापलेले. मांडीवरच्या पिशवीतून तिने ती लांब पांढरी वेणी काढली आणि पाण्यावर ठेवली, पाळण्यात बाळ ठेवावं तशी.

"फेस्टी," ती म्हणाली, "एवढे पुरतील तुला. आता माझ्या उशाशी येऊ नकोस."

वेणी तरंगत राहिली. वारा आमच्या पाठीमागून होता, तरी ती सरळ आमच्याकडे आली आणि होडीच्या कडेला टेकली. डेलियाने हात मागे घेतला. तेव्हा कोलमन उभा राहिला. होडी डुलली, मी त्याचा पट्टा धरला. टोपी काढून त्याने त्या मोकळ्या पाण्याकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या घंटेसारख्या आवाजात म्हणाला, "डेलियासाठी! त्या दिवशी विचारलं होतंस ना? मासा मी डेलियासाठी नेला. माझं नाव कोलमन हेशन. तिला मी जपेन."

 वेणी होडीपासून सुटली आणि होडीला वळसा घालून वाऱ्याविरुद्ध निघाली. बरीच लांब गेली. मग कुणी दोन बोटांनी खाली ओढावी तशी आत गेली.

त्यानंतर सकाळी कंगव्यात केस राहू लागले. छोटे छोटे. डेलियाने मला ते मुद्दाम दाखवले, आणि ती हसली. त्या घरात मी कित्येक वर्षांत हसणं ऐकलं नव्हतं.

जूनमध्ये लग्न झालं. जेवण डेलियाच्याच घरी होतं, नंतर ती दोघं पाण्यापासून लांब, कोलमनच्या गावी राहायला जाणार होती. चर्चमध्ये हस्तांदोलनं नि फोटो चालले होते, म्हणून चूल पेटवायला मी पुढे निघालो. सरोवराच्या काठाकाठाने एकच पायवाट आहे. वाटेत मला चिटपाखरू भेटलं नाही.

दाराच्या पायरीवर ओल्या लव्हाळ्याचं अंथरूण होतं आणि त्यावर ट्राउट मांडलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीने. सगळ्यांची डोकी दाराकडे. मी एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. इतकी वर्षं हेच काम केलंय, मला चुकत नाही. एकाच्याही जबड्यात गळाची खूण नव्हती. जाळ्यातले म्हणावे तर एक खवला निसटलेला नव्हता. शेवटचा उचलला, तो माझ्या हातात वळवळला. कल्ले उघडत होते, मिटत होते. म्हणजे जो कोणी ठेवून गेला, तो मी यायच्या क्षणभर आधी गेला होता.

रस्त्यावर गाड्यांचे भोंगे ऐकू आले. मी त्या माशाला घेऊन पाण्याकडे धावलो, त्याला सोडलं, आणि हात पुसत परत येऊन दारात उभा राहिलो. "अरे वा, हे कुणी आणले?" कोलमनच्या बहिणीने विचारलं. मी म्हटलं, "मी. लग्नाची भेट." दुसरं काय सांगणार? ते लोण्यात तळले आणि सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले. कोलमनने तर दोनदा घेतला.

डेलिया ताटं वाढत वाढत माझ्यापाशी आली. चेहरा आनंदी, केसांत पांढरी फुलं. माझ्या ताटात बटाटे घालताना खाली वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक सोडून दिलास ना? बरं केलंस. सोडशील, असं तो म्हणालाच होता."

कोण म्हणाला, ते मी विचारलं नाही.